ईद का चाँद, उंबराचं फूल आणि ब्लू मून

रमजान ईद होऊन बरेच दिवस झाले होते. एका रविवारी जालन्याला आपाकडे गेलो. माझी ही मोठी बहीण. शाळा, परीक्षा, निवडणुकीची ड्यूटी या गडबडीत चार-पाच महिने तिच्याकडे फिरकलो नव्हतो. दार उघडताच ती म्हणाली, "आओ, तुम तो ईद का चाँद हो गए!"

टोमणा मुकाट्याने घेतला आणि आत गेलो. आतल्या खोलीत भाची मोठ्याने पाठांतर करत होती. "वन्स इन अ ब्लू मून, म्हणजे क्वचित. वन्स इन अ ब्लू मून, म्हणजे क्वचित." मला बघून सलाम केला आणि पुस्तक पुढे सरकवलं.

"मामू, ये ब्लू मून मतलब नीला चाँद ना? नीला चाँद किसने देखा जी?"

"अब्बी तेरी अम्मी मेरे को क्या बोली?"

"ईद का चाँद."

"वोइच."

ती क्षणभर गप्प राहिली आणि मग खळखळून हसली. त्यानंतर तिला तो इडियम पाठ करावा लागला नाही.

भाची एमपीएससीच्या संयुक्त परीक्षेची तयारी करते. त्या अभ्यासक्रमात मराठीसाठी म्हणी व वाक्प्रचार आहेत आणि इंग्रजीसाठी इडियम्स अँड फ्रेजेस. बाजारात यांच्या जाडजूड याद्या मिळतात. डावीकडे इडियम, उजवीकडे अर्थ. मुलं रात्री पाठ करतात आणि सकाळी विसरतात. मी उर्दू आणि मराठी शिकवतो, शिक्षक कमी असले की इंग्रजीचे तासही माझ्याकडे येतात. इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. या याद्यांमध्ये मधला एक रकाना गायब असतो. ही गोष्ट मुळात कुणाच्या घरातली आहे, हे सांगणारा रकाना.

त्या दिवशी भाचीला एका वहीत चार रकाने आखून दिले. बोल, चित्र, मतलब, मौका. बोल म्हणजे शब्द. चित्र म्हणजे तो इडियम जिथून आला ते दृश्य. मतलब म्हणजे अर्थ. मौका म्हणजे तो कुणाला आणि कधी म्हणायचा. शेवटचा रकाना सगळ्यात अवघड.

ब्लू मूनचंच घ्या. इंग्रजी कॅलेंडरच्या एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. साधारण अडीच वर्षांनी एकदा असं होतं. चंद्र काही निळा दिसत नाही. आपला ईदचा चाँद मात्र वर्षातून दोनदा येतोच. मग तो दुर्मीळ कसा? कारण एकोणतीसाव्या रोज्याच्या संध्याकाळी अख्खा मोहल्ला गच्चीवर चढून त्याची वाट बघतो आणि तो पातळसा, दिसला न दिसला असा असतो. म्हणजे त्या बोलात दुर्मीळपणापेक्षा वाट बघणं जास्त आहे. म्हणून तो माणसाला म्हणतात, लाडाने किंवा रागाने. इंग्रजीतला ब्लू मून माणसाला म्हणत नाहीत, घटनेला म्हणतात. "मामू व्हिजिट्स अस वन्स इन अ ब्लू मून" हे बरोबर. "मामू, यू आर अ ब्लू मून" हे चूक. अर्थाच्या रकान्यात दोन्हींपुढे 'क्वचित' एवढंच लिहिलेलं असतं आणि मुलं तिथेच फसतात.

"और मराठी में?" भाचीने विचारलं.

मी म्हणालो, "उंबराचं फूल."

आणि जरा थांबलो. कारण या वाक्प्रचाराशी माझा जुना हिशेब आहे. तो पुढे सांगतो.

मी सातवीपर्यंत गावातल्या उर्दू शाळेत शिकलो. पुढे उर्दू शाळा नव्हती म्हणून आठवीला मराठी हायस्कूलमध्ये गेलो. घरी दखनी, शाळेत मराठी, आणि पाचवीपासून सुरू झालेली लंगडी इंग्रजी. पहिल्या निबंधात मी लिहिलं, "सर्वांसमोर उत्तर चुकले तेव्हा मी पाणी पाणी झालो." उर्दूत पानी पानी होना म्हणजे लाजेने चूर होणं. मी शब्द न् शब्द बरोबर आणला होता. बाईंनी वाक्य वाचलं आणि वर्ग हसला. मागून कुणी तरी म्हणालं, "मग पी की पाणी!" आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात सगळेच पाणी पाणी करतात, पण लाजेने नव्हे.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लाज वाटली की असं म्हणतात का?" मी मान हलवली. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'शरमेने मान खाली जाणे'. आणि म्हणाल्या, "यातला शरम हा शब्द फारसीतून आलाय. म्हणजे अर्धा वाक्प्रचार याच्या ओळखीचाच आहे."

मला त्या दिवशी दोन गोष्टी कळल्या. एक, भाषा शब्दांनी जुळतात पण चित्रं जुळतीलच असं नाही. दोन, जिथे परकं वाटतं तिथेही कुठेतरी आपलं नातं निघतं. पहिली गोष्ट मी पुढे बी.एड.च्या पुस्तकांतही वाचली. दुसरी मात्र बाईंमुळेच कळली.

आता मी फळ्याच्या या बाजूला उभा असतो आणि उर्दू शाळेतल्या मुलांना इंग्रजी इडियम शिकवताना गमती होतात. एकदा आठवीत 'ब्रिंग होम द बेकन' आला. गाईडमध्ये अर्थ होता, घरासाठी कमावून आणणे. मुलांनी वाक्यात उपयोग केला. एका मुलाचे वडील हातगाडीवर मोसंबी विकतात. त्याने लिहिलं, "माय फादर ब्रिंग्ज होम द बेकन एव्हरी इव्हनिंग," आणि घरी जाऊन मोठ्या आवाजात वाचून दाखवलं. कॉलेजात जाणाऱ्या भावाला बेकन म्हणजे डुकराचं मांस हे ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी वडील शाळेत हजर. चिडलेले नव्हते, पण चेहरा गंभीर होता.

मी समजावलं. इंग्रजांच्या घरात गरिबालाही परवडणारं मांस ते होतं, म्हणून बेकन घरी आणणं म्हणजे रोजी कमावणं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मतलब हलाल की कमाईच ना सर? फिर ठीक है. लेकिन हमारे घर तो रोज वोइच मोसंबी आती, जो बिकी नहीं."

दोघंही हसलो. त्यांना चहा पाजला. पण ते गेल्यावर मी विचार करत बसलो. मुलाला तो इडियम परीक्षेसाठी कळायलाच हवा. त्याने तो स्वतःच्या वडिलांबद्दल वापरलाच पाहिजे असं मात्र नाही. त्यासाठी इंग्रजीतच 'ब्रेडविनर' आहे, 'ब्रेड अँड बटर' आहे. उर्दूत दाल-रोटी आहे, मराठीत मीठभाकर आहे. प्रत्येक भाषेने स्वतःच्या ताटात जे होतं तेच शब्दात वाढलं. समोरच्याचं ताट ओळखता आलं पाहिजे. त्यातलं सगळंच खाल्लं पाहिजे, ही सक्ती कुठलीच भाषा करत नाही.

माझे अब्बा आठवडी बाजारात बसायचे. सकाळी दुकान मांडताना 'बिस्मिल्लाह' म्हणत आणि पहिलं गिऱ्हाईक आलं की शेजारच्या माळीमामांना सांगत, "चला, श्रीगणेशा झाला." त्यांना यात काही विरोध दिसला नाही. माळीमामा रोज खरीप आणि रब्बी म्हणत, त्यांनाही दिसला नाही. खरीफ म्हणजे अरबीत शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. तहसील, मौजे, हद्द, वारस, हजेरी हे शब्द ज्या सातबाऱ्यासाठी आणि कचेरीसाठी माळीमामा हेलपाटे घालायचे तिथले. माधव ज्यूलियन यांनी १९२५ साली अख्खा फार्सी-मराठी कोश तयार केला, तो उगाच नाही.

आपल्या भागात तर हे काम इंग्रजीसाठीही झालं आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कामकाजाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९३७ साली, मौलवी अब्दुल हक यांनी संपादित केलेली मोठी इंग्रजी-उर्दू डिक्शनरी प्रसिद्ध झाली. बाबा-ए-उर्दू म्हणून ओळखले जाणारे अब्दुल हक तेव्हाच्या औरंगाबादेत बरीच वर्षं होते, आणि त्यांची अंजुमन तरक्की-ए-उर्दू तिथूनच काम करायची. १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत जालना त्याच औरंगाबाद जिल्ह्यात होतं. म्हणजे इंग्रजीच्या बोलण्याला आपल्या बोलण्यात कसं आणायचं, हा प्रश्न आपल्या शेजारी शंभरेक वर्षांपूर्वीच कुणी तरी हातात घेतला होता.

भाचीच्या यादीत पुढे 'मीट वन्स वॉटर्लू' होतं. अर्थ, अखेरचा मोठा पराभव होणे. चित्राच्या रकान्यात तिने लिहिलं, नेपोलियन, १८१५. बरोबर आहे. १८ जून १८१५ रोजी बेल्जियममधल्या वॉटर्लूला नेपोलियन हरला. मी विचारलं, "हरवलं कुणी?" ती म्हणाली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. मग विचारलं, "हा वेलिंग्टन त्याआधी कुठे लढला होता?" तिला माहीत नव्हतं. तिच्या घरापासून काही तासांच्या अंतरावर, आपल्याच जिल्ह्यात.

भोकरदन-जाफराबादच्या बाजूला असई नावाचं लहानसं गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या मोठ्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय ३४. तोच पुढे वेलिंग्टन झाला. तो जिंकला, पण त्याचे मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दीड हजारांहून जास्त लोक कामी आले. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही, युद्धात तुम्ही केलेलं सर्वांत चांगलं काम कोणतं, असं विचारल्यावर त्याने असईचं नाव घेतल्याचं सांगतात.

या लढाईतली एक गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगतो. मध्ये केळणा नदी होती आणि वाटाड्यांनी सांगितलं की इथे उतार नाही, पलीकडे जाता येणार नाही. वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं दिसली. त्याने विचार केला, गावं अशी समोरासमोर असतील तर लोक येत-जात असणारच, म्हणजे मधे उतार असणारच. आणि तो निघाला.

वेलस्ली आपल्यावर चालून आला होता, त्याचं कौतुक करण्याचं मला कारण नाही. पण त्याचा हा तर्क मला भाषेच्या वर्गात रोज उपयोगी पडतो. उर्दू आणि मराठी शेकडो वर्षं समोरासमोर राहिल्या आहेत. उतार नाही म्हणणारे वाटाडे दोन्ही काठांवर आहेत.

वॉटर्लूला मराठीत नेमका जोड आहे. पानिपत होणे. हायस्कूलमध्ये हा वाक्प्रचार शिकवला गेला तेव्हा पुढच्या बाकांवरच्या दोन-तीन मुलांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. जणू अब्दाली माझा चुलता होता. मी वहीत डोकं खुपसलं. तेव्हा मला माहीत नव्हतं की १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईत मराठ्यांच्या तोफखान्याचा प्रमुख इब्राहिमखान गारदी होता. तो शेवटपर्यंत भाऊसाहेबांच्या बाजूने लढला, पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला. माहीत असतं तर मी हात वर केला असता. आज मी पानिपत होणे शिकवतो तेव्हा चित्राच्या रकान्यात त्याचं नाव लिहायला सांगतो. ते पानिपत त्याचंही झालं होतं.

आता उंबराचं फूल. बी.एड. करत असताना एका शाळेत माझा सराव पाठ होता. विषय मराठी. पाठ रंगला, मुलांनी भराभर उत्तरं दिली. निरीक्षण करायला आलेले ज्येष्ठ गृहस्थ मोकळ्या मनाचे होते. त्यांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली आणि म्हणाले, "वा! तुमच्या समाजात असं मराठी म्हणजे उंबराचं फूल हो!"

त्यांना मला दुखवायचं नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी "आभारी आहे सर" म्हणालो. संध्याकाळी एसटीत खिडकीशी बसल्यावर मात्र घशात काही तरी अडकल्यासारखं झालं. कौतुक माझ्या मराठीचं होतं की माझ्या नावाला ते शोभत नाही या आश्चर्याचं? माझी आजी जात्यावर मराठी ओव्या म्हणायची. अब्बा बाजारात मराठीत भांडायचे आणि मराठीतच समेट करायचे. शेख महंमदांना श्रीगोंद्यात मराठीत 'योगसंग्राम' लिहून चारशे वर्षं होत आली. आणि मी दुर्मीळ?

बऱ्याच वर्षांनी शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांनी उंबर फोडून दाखवला. म्हणाले, फुलं दिसत नाहीत कारण ती याच्या आत असतात. आपण ज्याला फळ म्हणतो त्याच्या पोटात शेकडो बारीक फुलं. एवढुशा छिद्रातून चिलटासारखे कीटक आत शिरतात. म्हणजे उंबराचं फूल दुर्मीळ नाहीच. प्रत्येक उंबरात आहे. बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही, एवढंच.

हे सगळं त्या दिवशी भाचीला जेवताना सांगितलं. दुल्हाभाई ऐकत होते. त्यांची काळजी वेगळीच. म्हणाले, "इत्ती मराठी, इत्ती अंग्रेजी. बच्ची अपनी जबान भूल जाएगी." हा दुसऱ्या काठावरचा वाटाड्या. त्यांची काळजी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मी अशी मुलं बघितली आहेत जी तीन भाषांत अडखळतात आणि एकीतही मोकळी होत नाहीत. पण त्याचं कारण भाषा जास्त झाल्या हे नसतं. त्यांना प्रत्येक भाषा यादीसारखी मिळालेली असते, घरासारखी नाही.

मी भाचीला म्हणालो, वहीत काढ. 'मुल्ला की दौड मस्जिद तक.' मराठीत काय? ती म्हणाली, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत." 'आसमान से गिरा, खजूर में अटका'? "आगीतून फुफाट्यात." आणि इंग्रजीत? तिने यादी चाळली. "आउट ऑफ द फ्राइंग पॅन इंटू द फायर." फुफाटा म्हणजे काय, हे तिला सांगता आलं नाही. दुल्हाभाईंनी सांगितलं. "चूल्हे की गरम राख, बेटा. ऊपर से ठंडी दिखती." त्यांच्या अम्मी त्यात वांगी भाजायच्या. मग 'बैल गेला आणि झोपा केला' निघालं. भाचीला वाटायचं, बैल गेल्यावर मालक झोपला. दुल्हाभाई हसले. झोपा म्हणजे गोठ्याचं दार, कुडाचं. इंग्रजीत तिथे घोडा पळतो आणि मग तबेल्याला कुलूप लागतं. उर्दूत साप निघून गेल्यावर लकीर पिटत बसतात. त्या रात्री वहीची सहा पानं भरली, आणि त्यातली चित्रं जास्त करून त्यांनीच सांगितली. जबान भूल जाएगी म्हणणारा माणूस अकरापर्यंत जबानीतच रमला होता.

ज्यांच्या घरी मुलं अशा परीक्षांची तयारी करतात त्यांना माझी एवढीच विनंती. रोज पन्नास इडियम पाठ करून घेऊ नका. पाच घ्या, पण ते घेऊन घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी चालेल. इंग्रजी बोलाला आपल्याकडचा जोड त्यांच्याचकडे मिळेल. आणि तो मिळाला की परीक्षेनंतरही विसरणार नाही.

पुढच्या महिन्यात मी मुद्दाम लवकर गेलो. आपाने दार उघडलं. महिनाभर लेकीचं पाठांतर ऐकून तिचे कान तयार झाले होते. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आओ, ब्लू मून!"

आतून भाची ओरडली, "अम्मी, वो आदमी को नहीं बोलते!" आणि माझ्याकडे बघत राहिली, मी आता चूक सुधारतो की काय म्हणून. मी चपला काढल्या आणि आपाला म्हणालो, चाय रख.